पैसे फुल्लचे, लायसन्स लिमिटेड

सांगली-मिरजेत कुणी होम थिएटरचं ‘रूम करेक्शन’ (खोलीमुळे बिघडणारा आवाज माईकनं मोजून सॉफ्टवेअरनं सुधारणं) पैसे मोजून करून घेणार असेल, तर आधी हे वाचा. तक्रार चालू आहे, म्हणून दुकानाचं नाव लिहीत नाही.

विश्रामबागेतला आमचा हॉल 15 फूट लांब, खाली फरशी, एका बाजूला नुसत्या काचा. एवढ्या लांबीत 38 आणि 75 हर्ट्झच्या आसपास आवाज साठतो. तबला लावला की सोफ्याच्या टोकाला डग्गा नुसता घुमायचा. आमच्या डेनॉनच्या रिसीव्हरमध्ये (स्पीकर चालवणारं यंत्र) हे काम करणारं ऑडिसी सॉफ्टवेअर आधीपासूनच आहे. त्याच कामाच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरचं, डिरॅक लाइव्हचं, लायसन्स मात्र वेगळं विकत घ्यावं लागतं. त्यातही दोन प्रकार: लिमिटेड 500 हर्ट्झपर्यंतच सुधारतं, फुल्ल 20 ते 20,000. दुकानदारानं फुल्लचे पैसे घेतले, वर सेटिंगची मजुरी.

त्याचा मुलगा लॅपटॉप आणि माईक घेऊन आला. सोफा असेल तर डिरॅक माईक 13 जागी हलवून मोजायला सांगतं. यानं मधोमध एकदा मोजलं. ‘‘बाकीच्याची गरज नसते, काका,’’ म्हणत स्क्रीनवर दोन रेषा दाखवल्या: आधीची खाचखळग्यांची, नंतरची सपाट. मग आवाज चढवून गाणं लावलं, घरातले खूश. मेख इथेच आहे. ती ‘नंतरची’ रेषा मोजलेली नसतेच, सॉफ्टवेअरनं हिशेबानं काढलेला अंदाज असतो. ऑडिसीच्या अ‍ॅपमध्येही तेच. आणि दोन आवाजांतला जो जरा मोठा, तो कानाला चांगलाच वाटतो.

डग्गा टोकाला घुमतच राहिला. मिरजेच्या मित्राकडे आवाज मोजायचा यूमिक-1 माईक आहे; मोजणीचं आरईडब्ल्यू सॉफ्टवेअर तर फुकटच मिळतं. डिरॅक एकदा चालू, एकदा बंद ठेवून मोजलं. 500च्या पुढे दोन्ही रेषा एकमेकींवर तंतोतंत बसल्या, म्हणजे तिथं डिरॅक काहीच सुधारत नव्हतं. लॅपटॉपवर डिरॅक उघडलं, तर लायसन्स लिमिटेडचं! सोफ्याच्या टोकाला 75चा उंचवटा जसाच्या तसा.

दुकानदार फोनवर म्हणतो, ‘‘साहेब, 500च्या वरचं कानाला कळतंय का तुमच्या?’’ खरं सांगायचं तर खोलीचा त्रास मुख्यतः खालच्याच सुरांत असतो, लिमिटेडवर माझं भागलंही असतं. मग लिमिटेडचेच पैसे घ्यायचे होते ना! आता बिल काढून बघतोय तर त्यावर नुसतं ‘साउंड सेटिंग’, आणि लायसन्स दुकानाच्या ईमेलवर. ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवली आहे, पण फुल्ल ठरलं होतं हे दाखवायला माझ्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवरचे निरोप तेवढे आहेत.

तुम्ही लायसन्स स्वतःच्या ईमेलनं घ्या आणि प्रकार बिलावर लिहून मागा. माणूस जायच्या आत सोफ्याच्या दोन्ही टोकांना चालू-बंद करून त्याच्याकडूनच मोजून घ्या. मजुरी त्यानंतर.