शाश्वतता अहवालातील स्त्री-पुरुष समानता : बडोद्यातील एका सल्लासेवेचा अनुभव

बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० शेअर बाजारात सूचिबद्ध कंपन्यांना बाजार नियामक सेबीने २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून व्यवसाय जबाबदारी आणि शाश्वतता अहवाल, म्हणजेच बीआरएसआर, सक्तीचा केला. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतील आमच्या कंपनीने या अहवालासाठी अलकापुरीतील एका लहान सल्लागार संस्थेची सेवा घेतली. ऊर्जा, पाणी आणि कचरा यांविषयीचे त्यांचे काम नीटनेटके होते, त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखे काही नाही. लैंगिक छळाच्या तक्रारी हाताळणाऱ्या कंपनीच्या अंतर्गत तक्रार समितीची अध्यक्ष या नात्याने माझा संबंध आला तो स्त्रियांविषयीच्या माहितीशी, आणि हे परीक्षण तेवढ्यापुरतेच आहे. संस्थेचे नाव मी देत नाही, कारण येथे सांगितलेले गुणदोष अशा कोणत्याही सेवेत पारखून घ्यावेत असे आहेत.

सर्वांत आधी त्यांनी जे उत्तम केले ते सांगते. मनुष्यबळ विभागाने पाठवलेला तक्ता जसाच्या तसा न स्वीकारता त्यांच्या प्रतिनिधी बाई थेट पॅकिंग विभागात गेल्या आणि तिथे काम करणाऱ्या बायकांशी मराठी-गुजरातीत बोलल्या. त्यांतल्या एका काकूंनी सांगितले, "ताई, कामाला मी रोज इथेच येते, पण माझी हजेरी कंत्राटदाराच्या मस्टरवर लागते." आमच्या तक्त्यात या काकू नव्हत्या. बीआरएसआरच्या नमुन्यात कर्मचारी आणि कामगार अशा दोन्ही गटांत कायम आणि कायम नसलेले असे स्वतंत्र रकाने आहेत आणि प्रत्येक ठिकाणी स्त्री-पुरुषांची संख्या वेगळी द्यावी लागते. कंत्राटदारांची मस्टरे मागवून ते रकाने भरले गेले, तेव्हा आमच्या कारखान्यातील बहुतेक स्त्रिया कायम नसलेल्या गटात आहेत हे व्यवस्थापनाला प्रथमच कागदावर दिसले. माझ्या मते या सेवेचे अर्धे शुल्क तेवढ्यानेच वसूल झाले.

वेतनाच्या बाबतीतही त्यांनी आम्हाला सोप्या आकड्यावर थांबू दिले नाही. अहवालात स्त्रिया आणि पुरुष यांचे मध्यक वेतन (म्हणजे सर्व वेतने चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारे) संचालक, प्रमुख व्यवस्थापकीय अधिकारी, इतर कर्मचारी आणि कामगार अशा मोठ्या गटांसाठी द्यायचे असते. शिवाय २०२३ मध्ये आलेल्या बीआरएसआर कोअरनुसार, म्हणजे या अहवालातील निवडक मुख्य निकषांच्या संचानुसार, एकूण वेतनखर्चात स्त्रियांना दिलेल्या वेतनाचे प्रमाणही द्यावे लागते. समजा १०० कामगारांत २० स्त्रिया आहेत आणि वेतनखर्चात त्यांचा वाटा १३ टक्के आहे, तर स्त्रिया खालच्या श्रेणीत अडकल्या आहेत, त्यांना ओव्हरटाइम मिळत नाही, की एकाच कामाला कमी पैसे मिळतात, हे त्या एका टक्केवारीतून कळत नाही. म्हणून त्यांनी जीआरआय (ग्लोबल रिपोर्टिंग इनिशिएटिव्ह) या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या ४०५ क्रमांकाच्या मानकाप्रमाणे स्त्री-पुरुषांच्या वेतनाचे श्रेणीनिहाय गुणोत्तर काढले, जे सेबीच्या नमुन्यात मागितलेले नाही, आणि आमच्याकडील फरक मुख्यतः ओव्हरटाइमच्या वाटपातून येतो हे दाखवून दिले. प्रसूती रजेनंतर किती जणी कामावर परतल्या, एवढ्यावर समाधान न मानता परतल्यावर १२ महिन्यांनी त्यांतल्या किती टिकल्या, हेही नमुन्यात विचारलेले असते. तो आकडा काढताना त्यांनी पाळणाघराची नोंदवही मागितली. कागदोपत्री चालू असलेल्या त्या खोलीत रिकामी खोकी रचलेली होती. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना प्रसूती लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने पाळणाघराची सोय बंधनकारक केलेली असताना ही स्थिती होती, आणि ती त्यांनी मसुद्यात स्पष्ट लिहिली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आता उणिवा. लैंगिक छळाच्या तक्रारींसमोर शून्य हा आकडा होता आणि त्याखाली मसुद्यात "कामाच्या ठिकाणी पूर्णतः सुरक्षित वातावरण" असे तयार वाक्य घातलेले होते. मी ते काढायला लावले. आमच्या समितीची माहिती कंत्राटी बायकांपर्यंत पोहोचलेलीच नव्हती, आणि जिथे तक्रार कुठे करायची हेच ठाऊक नाही तिथे शून्यावरून सुरक्षिततेचा निष्कर्ष काढणे चुकीचे आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा कंत्राटी स्त्रियांनाही संरक्षण देतो, समितीच्या स्थापनेचा आदेश सर्वांना दिसेल असा लावायला सांगतो आणि मालकाने कर्मचाऱ्यांना नियमित प्रशिक्षण द्यावे अशीही अपेक्षा धरतो. सल्लागारांनी त्या शून्याबरोबर या तीन गोष्टी तपासायला हव्या होत्या.

त्याहून अधिक खटकले ते त्यांनी या कायद्याविषयी दिलेले प्रशिक्षण. विभागात मराठी-गुजरातीत उत्तम संवाद साधणाऱ्या याच संस्थेने सभागृहात मात्र इंग्रजी स्लाइड दाखवल्या आणि मागच्या रांगेतल्या बायका निमूट बसून राहिल्या. अखिल भारतीय महिला परिषदेच्या १९२७ मधील पहिल्या अधिवेशनाचे अध्यक्षपद ज्या शहराच्या महाराणी चिमणाबाईंनी भूषवले, त्या शहरात कामगार स्त्रियांना त्यांचाच कायदा न समजणाऱ्या भाषेत ऐकवला जावा, याचे मला मनापासून वाईट वाटले.

शुल्क आमच्यासारख्या कंपनीला परवडण्याजोगे आहे आणि माहितीची मागणी त्यांनी वेळेत केली. मात्र आकडे कुठून आले, याचा मागोवा लागेल अशी कागदपत्रांची जुळणी शेवटी आमच्याच लोकांना करावी लागली. बीआरएसआर कोअरमधील आकड्यांची बाहेरच्या पक्षाकडून पडताळणी टप्प्याटप्प्याने लागू होत असल्याने हे काम सल्लागाराच्या करारातच असले पाहिजे.

आकड्यांच्या शोधकामासाठी ही सेवा मी निःसंकोच सुचवीन, प्रशिक्षणासाठी सध्या तरी नाही. पुढील वर्षाच्या करारात प्रशिक्षण मराठी आणि गुजरातीत, पाळीनुसार आणि कंत्राटी बायकांसह व्हावे, तसेच श्रेणीनिहाय वेतनाचा तक्ता अंतिम अहवालात छापला जावा, अशा अटी आम्ही लेखी घातल्या आहेत आणि संस्थेने त्या मान्य केल्या आहेत.