ब्रुनेल्लो 'अर्ध्या किमतीत': फसवणूक नेमकी कुठे होते

फ्लॉरेन्स किंवा सिएनाच्या पर्यटकांच्या गल्लीत दुकानाबाहेर पाटी असते: ब्रुनेल्लो दि मोंताल्चिनो (इटलीतल्या मोंताल्चिनो गावची लाल वाइन), ७० युरो खोडून ३०. मळ्यातून थेट आणतो म्हणून परवडतं, असं दुकानदार सांगतो. अशा वेळी बाटली बहुधा खरी असते, खोटा असतो तो ७० चा आकडा. मळ्याचं नाव फोनवर शोधलं तर ना बाग सापडते, ना तळघर. कोणाकडे तरी उरलेली ब्रुनेल्लो ठोक भावात घ्यायची, एखादं भारदस्त नाव आणि राजचिन्ह छापायचं आणि बाटलीत भरायची, एवढाच धंदा. कायद्याने ती ब्रुनेल्लोच ठरते, त्यामुळे तक्रारीलाही जागा उरत नाही.

हे ओळखायला मागचं लेबल वाचावं. 'इंबोतिल्यातो आल्लोरिजिने' (मूळ ठिकाणीच बाटलीत भरलेली) असं छापून पुढे मळ्याचं नाव असेल तर वाइन पिकवणाऱ्यानेच भरलेली आहे. नुसतं 'इंबोतिल्यातो दा' (बाटलीत भरणारा) आणि पुढे नावाऐवजी अक्षर-आकड्यांचा कोड असेल, तर भरणारा कोण हे लपवलेलं आहे. अशा बाटलीला ३० युरोसुद्धा जास्तच.

ही वाइन महाग का, हे कळलं की सवलतीचा मोह आपोआप कमी होतो. द्राक्ष फक्त सांजोवेझे, शंभर टक्के. हेक्टरी जास्तीत जास्त ८ टन पीक. किमान दोन वर्षं लाकडी पिंपात, त्यानंतर किमान चार महिने बाटलीत. पिकानंतरच्या पाचव्या वर्षीच्या १ जानेवारीपर्यंत विक्रीला बंदी, 'रिझेर्वा', म्हणजे जास्त मुरवलेली, असेल तर सहाव्या. म्हणजे सगळं भांडवल तेवढा काळ अडकून पडतं. यातूनच सगळ्यात सोपी तपासणी निघते: लेबलवरच्या वर्षात ५ मिळवा. २०२० चं पीक १ जानेवारी २०२५ ला खुलं झालं. त्याआधी कोणी ते 'खास ओळखीतून' देत असेल, तर बाटलीत दुसरंच काही आहे.

सर्रास चालणारी चलाखी मात्र फळीवरच्या गुणपत्रिकेची. वाइन-समीक्षकांचे '९७ गुण' लिहिलेलं कार्ड २०१६ च्या पिकाचं असतं आणि खालची बाटली २०१४ ची. २०१६ उत्तम गेलं, २०१४ पावसाने झोडपलं. कधी गुण रिझेर्वाचे आणि विक्रीला साधी बाटली. कार्डावरचं आणि बाटलीवरचं वर्ष, दोन्ही मोठ्याने वाचून घ्यावं. हॉटेलात ग्लासवर मागवलं तर याचीच दुसरी आवृत्ती भेटते: त्याच मळ्याची रोस्सो (ब्रुनेल्लोची स्वस्त धाकटी बहीण), जवळजवळ तसंच लेबल, आणि बिलात ब्रुनेल्लो. बाटली टेबलावर दाखवायला सांगण्यात संकोच कसला?

उघड भेसळही झालेली आहे. २००८ मध्ये सांजोवेझेत दुसरी द्राक्षं मिसळल्याच्या संशयावरून सिएनाच्या सरकारी वकिलांनी चौकशी केली. २०१४ मध्ये इटलीच्या वित्त पोलिसांनी सुमारे १ लाख ६० हजार लिटर साधी वाइन पकडली. ती ब्रुनेल्लो आणि रोस्सो म्हणून खपवली जात होती. देवगडच्या पेटीत कर्नाटकचा आंबा, तसलाच प्रकार. पेल्यात पाहिलं तर सांजोवेझेचा रंग माणकासारखा, थोडा पारदर्शक असतो. जुनी होईल तशी कडेला विटकरी छटा येते. शाईसारखी काळी-जांभळी वाइन 'ब्रुनेल्लो' म्हणून समोर आली की शंका घ्यावी.

बाटलीच्या गळ्यावर सरकारी टांकसाळीत छापलेली क्रमांकाची पट्टी हवीच. पण पट्टी वाइन कुठे ठेवली होती ते सांगत नाही. उन्हात, शोकेसच्या दिव्याखाली वर्षभर उभी बाटली खरी असूनही वाया गेलेली असते. बूच आवरणाला वर ढकलतंय का, गळ्याशी चिकट ओघळ आहे का, आणि सहा-सात वर्षांच्या बाटलीत पातळी गळ्याच्या खाली गेली आहे का, हे बघून मगच पैसे काढावेत.

परवडणारी चांगली वाइन हवी असेल तर वरचं नाव सोडून एक पायरी खाली उतरावं, पण मळा उत्तमच धरावा. रोस्सो दि मोंताल्चिनो त्याच गावातली, त्याच द्राक्षाची. पुढच्याच वर्षीच्या १ सप्टेंबरपासून विकता येते, म्हणून निम्म्याच्या आसपास मिळते. अवघड वर्षात शिस्तीचे मळे आपली निवडक द्राक्षंही कधीकधी रोस्सोत घालतात. अनामिक ३० युरोच्या ब्रुनेल्लोपेक्षा नावाजलेल्या मळ्याची २० युरोची रोस्सो कधीही सरस.

'पुण्याला घरपोच पाठवतो' म्हणणाऱ्याला आगाऊ पैसे देऊ नयेत. आयातशुल्क आणि परवान्यांत पार्सल अडकतं, आणि दुकानदार तोवर फोन उचलत नाही. भारतात परतताना प्रत्येकी २ लिटर मद्य शुल्काविना आणता येतं, म्हणजे ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या. त्या चेक-इन सामानात, कपड्यांत गुंडाळून. पावती जपावी आणि पट्टीवरच्या क्रमांकाचा फोटो दुकानातच काढावा. मोंताल्चिनोच्या उत्पादक संघाकडे तक्रार करायची वेळ आली तर पहिली विचारणा त्याचीच होते.