झुलिप: आमच्या कट्ट्याला शेवटी हक्काची जागा मिळाली

आमचा पुण्यातल्या प्रोग्रामर लोकांचा एक ग्रुप आहे, चाळीसेक जण, निम्मे हिंजवडीत, काही खराडी-मगरपट्ट्याला, बाकीचे घरूनच काम करणारे. सात महिने झाले आम्ही झुलिप या ग्रुप चॅटच्या सॉफ्टवेअरवर आलो त्याला. कामासाठी ते चांगलं आहेच, पण मी हे लिहितोय ते ऑफटॉपिक, म्हणजे कामाबाहेरच्या गप्पांसाठी, कारण आमचा ग्रुप त्या गप्पांवर टिकलाय हे मला आता पक्कं कळलंय.

आधी आम्ही एका साध्या चॅट अ‍ॅपवर होतो, सगळं एकाच धाग्यात. कोणीतरी विचारायचं की नोडचं व्हर्जन बदलल्यावर बिल्ड का फुटतंय, त्याच्या खाली लगेच चांदणी चौकात किती गर्दी आहे, त्याच्या खाली मिसळ बेडेकरची की काटाकिर्रची, मग कोडमध्ये टॅब की स्पेस, आणि तासाभराने बघावं तर मूळ प्रश्न कुठल्या कुठे वर गेलेला आणि विचारणारा बिचारा अजून वाट बघतोय. उलटही व्हायचं. 2023 च्या ऑगस्टमध्ये विम या कोड लिहायच्या एडिटरचे कर्ते ब्रॅम मोलेनार गेले तेव्हा एकाने फार मनापासून लिहिलं होतं, की कॉलेजात पहिल्यांदा विम उघडलं तेव्हा युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा ही ओळ दिसली आणि तेव्हापासून तो माणूस ओळखीचा वाटायला लागला. त्याच्या खाली दोन मिनिटांत कोणाचा तरी एरर लॉग पडला, सत्तर-ऐंशी ओळींचा. चूक कोणाचीच नव्हती, पण मला ते फार लागलं.

मग नियम झाला, फक्त टेक्निकल बोलायचं. दोन महिन्यांत ग्रुप गपगार. आणि ज्यासाठी नियम केला ते टेक्निकल प्रश्नसुद्धा येईनासे झाले. कारण साधं आहे हो, ज्याच्याशी तुम्ही कधी मिसळीवरून भांडलाच नाहीत त्याच्यासमोर 'मला गिट रिबेस अजून जमत नाही' असं लिहायचा धीर होत नाही. आमच्यातला सगळ्यात ज्युनिअर मुलगा त्या दोन महिन्यांत एक अक्षर बोलला नव्हता, तोच पुढे झुलिपवर राजगडाच्या ट्रेकबद्दल पानभर लिहून गेला आणि तिसऱ्या दिवशी त्याने विचारलं की दादा, सर्व्हरची डिस्क भरलीये, लॉग उडवले तर चालतील का. रात्री अकराला तिघं जण त्याच्याबरोबर बसले होते.

तर झुलिप. याचं वेगळेपण एकच आहे, चॅनलच्या आत प्रत्येक मेसेजला टॉपिक असतो. आम्ही 'कट्टा' नावाचं चॅनल केलंय आणि त्यात टॉपिक चालू असतात, मिसळ, कीबोर्ड, खडकवासला विसर्ग, गुरुवारी लाइट कुठे गेली, विम विरुद्ध ईमॅक्स हा दुसरा एडिटर. पावसाळ्यात भिडे पूल पाण्याखाली गेला की आम्हाला आधी त्या विसर्गवाल्या टॉपिकमध्ये कळतं. दिवसभर मीटिंगमध्ये अडकलेला माणूस संध्याकाळी येतो आणि कीबोर्डचा टॉपिक सलग वाचून तिथेच उत्तर देतो, मध्ये सात तास गेले तरी गप्पा तुटत नाहीत. ज्यांना मिसळ नको त्यांनी तेवढा टॉपिक म्यूट करावा, भांडणाचं कारणच उरत नाही.

दुसरी गोष्ट मला त्याहून आवडते. डिप्लॉयच्या टॉपिकमध्ये कोणी चुकून वडापावावर घसरलं तर ते मेसेज उचलून कट्ट्यावर नेता येतात, एकच मेसेज किंवा तिथपासून पुढचे सगळे. पूर्वी अशा वेळी 'कृपया विषयाला धरून बोला' असं लिहावं लागायचं आणि समोरचा खट्टू व्हायचा, आता त्याला कोणी दटावत नाही, त्याच्या गप्पा फक्त शेजारच्या खोलीत जातात आणि बरेचदा तिथे जास्त रंगतात. ही पद्धत काही आजची नाही, आयआरसी ही जुनी चॅट व्यवस्था 1988 मध्ये फिनलंडच्या ओउलू विद्यापीठात सुरू झालं आणि पुढे तिथेही मोठ्या प्रोजेक्टच्या चॅनलशेजारी ऑफटॉपिक चॅनल आली, उबुंटू या ऑपरेटिंग सिस्टिमचं तसं आहे. फक्त तिथे 'तिकडे जाऊन बोला' असं सांगावं लागतं, इथे झालेलं बोलणंच हलवता येतं.

डिसेंबरात अ‍ॅडव्हेंट ऑफ कोड या प्रोग्रामिंगच्या उपक्रमाची नवी कोडी येतात, अमेरिकेतल्या पूर्व किनाऱ्याच्या मध्यरात्री म्हणजे आपल्या सकाळी साडेदहाला, नेमकं स्टँडअपच्या, म्हणजे टीमच्या रोजच्या छोट्या मीटिंगच्या सुमाराला. ज्यांनी सोडवलं त्यांनी उत्तर स्पॉयलर ब्लॉकमध्ये टाकायचं, क्लिक केल्याशिवाय दिसत नाही, त्यामुळे लंच टाइमला सोडवणाऱ्याची मजा जात नाही. पोलही टाकता येतो, रविवारी भेटायचं ठिकाण आम्ही त्यावरच ठरवतो.

आणि गप्पा फुकट जातात असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी एक किस्सा. कट्ट्यावर एकीने सहज टाकलं की 'क्षि'ची लेंग्थ, म्हणजे त्यात किती कॅरेक्टर मोजले जातात ते, जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेत किती येईल सांगा. कोणी एक म्हणालं, कोणी दोन. उत्तर चार, क, हलन्त, ष आणि वेलांटी. त्यावर दोन दिवस चर्चा चालली, 'श्री'चे पण चारच, मग 'ज्ञा'चे किती, एकाने बाराखडीच मोजून काढली. पुढच्याच महिन्यात एकाच्या कामात मराठी नावं वीस कॅरेक्टरला कापली जात होती आणि शेवटची वेलांटी गायब होत होती, त्याला लगेच कळलं कुठे बघायचं ते.

आता झुलिप इन्स्टॉल करायचं कसं. झुलिप 2012 मध्ये सुरू झालं, 2014 मध्ये ड्रॉपबॉक्सने घेतलं, 2015 मध्ये ओपन सोर्स झालं, आत पायथन-जँगो आहे, कोड उघडून बघता येतो. त्यांच्या क्लाउडवर फुकट प्लॅन आहे पण त्यात शेवटचे 10,000 मेसेजच शोधता येतात, गप्पिष्ट ग्रुपला ते लवकर संपतात. आम्ही स्वतःच्या सर्व्हरवर टाकलं, शंभरच्या आतल्या ग्रुपला 2 जीबी रॅमचं छोटं मशीन पुरतं, उबुंटू किंवा डेबियन. मराठीत गप्पा मारणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी पीग्रुंगा हे सर्चचं एक्स्टेंशन चालू करा, कारण मुळातला सर्च इंग्रजी धरून बनवलाय आणि देवनागरी नीट शोधायची तर हे लागतं. आम्ही ते नंतर केलं, पण केल्यावर 'विसर्ग' शोधून पहिल्या पावसापासूनच्या गप्पा वाचता आल्या.

सवय लागायला वेळ द्या, टॉपिकचं नाव घालायचं पहिले दोन आठवडे कोणाच्या लक्षात राहत नाही. आमच्यातल्या दोघांनी तेवढे दिवस न कंटाळता सगळ्यांचे मेसेज योग्य टॉपिकमध्ये हलवले, मग आपोआप वळण पडलं. मोलेनारांवरचं ते जुनं लिखाण लिहिणाऱ्याला मी परत टाकायला सांगितलं, आता कट्ट्यावर त्याचा स्वतःचा टॉपिक आहे आणि परवाच कोणीतरी नव्याने आलेल्याने त्यात स्वतःची आठवण लिहिली.