थंडीत गाडी उचलेना: मल्टीमीटर घ्यावा की ओबीडी स्कॅनर?

मल्टीमीटर म्हणजे व्होल्टेज मोजायचं हातातलं यंत्र, आणि ओबीडी स्कॅनर म्हणजे गाडीतल्या सॉकेटला लावून तिच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड आणि सेन्सरचे आकडे वाचणारं यंत्र. दोन्ही वस्तू हजाराच्या आतबाहेर मिळतात, तेव्हा अडचण पैशाची नाही. डिसेंबर-जानेवारीत सकाळी सहाला कोल्हापूर नाहीतर हुबळी गाठायची असते, किल्ली फिरवली की गाडी नुसतं 'टक्' करून गप्प बसते. तेव्हा डिकीतून आधी काय काढायचं, एवढाच प्रश्न. माझ्याकडे दोन्ही आहेत. एक जास्त वापरला जातो.

आधी आपल्या थंडीबद्दल. बेळगाव साडेसातशे मीटर उंचीवर आहे, जांबोटी-खानापूरकडे धुकं दाटतं, सगळं खरं. पण आपली थंडी म्हणजे १२-१४ अंश, एखाद्या पहाटे त्याहून थोडी खाली. एवढ्यानं धडधाकट बॅटरी अडत नाही. अगदी शून्य अंशालाही तिच्यात साधारण ८० टक्के ताकद शिल्लक असते. बॅटरी खचते ती एप्रिल-मेमध्ये, बॉनेटखाली भाजून. अथणी-रायबागकडच्या उन्हात तर विचारूच नका. थंडीत इंजिन ऑइल घट्ट होतं, स्टार्टरला जादा जोर लागतो आणि उन्हाळ्यात खचलेली बॅटरी तेव्हा उघडी पडते. म्हणून आपल्या भागात "थंडीत उचलत नाही" म्हटलं की, माझ्या पाहण्यात तरी, बहुतेक वेळा बॅटरी, तिची टर्मिनलं नाहीतर अर्थिंगची (बॅटरीचं निगेटिव्ह टोक गाडीच्या धातूला जोडणारी) वायर निघते. सेन्सर क्वचित.

स्कॅनर टाकाऊ आहे असं मात्र नाही. सेल्फ (म्हणजे स्टार्टर) जोरात फिरतोय पण गाडी पेटत नाही, अशा वेळी त्याच्यासारखा तोच. रात्रभर उभ्या गाडीत सकाळी किल्ली ऑन करून कूलंटचं (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाचं) तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान बघा. दोन्ही जवळपास सारखी हवीत. हवा १४ आणि कूलंट ७० दिसलं, तर कूलंटचा सेन्सर खोटं सांगतोय. इंजिन गरम आहे अशा समजुतीत ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, पेट्रोल कमी सोडतो आणि गाडी पेट घेत नाही. इंजिन फिरतंय का हे सांगणाऱ्या क्रँक सेन्सरच्या बिघाडाचा पी०३३५ कोडही स्कॅनर क्षणात दाखवतो. हे मल्टीमीटरनं शोधायचं तर वायरिंगचा नकाशा हवा आणि सकाळ मोकळी हवी.

पण माझा स्वस्तातला ब्लूटूथ डोंगल, म्हणजे मोबाइलला जोडायचा छोटा स्कॅनर, नेमक्या वेळी दगा देतो. त्याला वीज मिळते सॉकेटच्या १६ नंबरच्या पिनेतून, म्हणजे गाडीच्याच बॅटरीतून. सेल्फ मारला, स्टार्टरनं करंट ओढला, व्होल्टेज घसरलं की डोंगल बंद पडून पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. मग पुन्हा ब्लूटूथ, पुन्हा अॅप, पुन्हा जोडणी, मधे एखादी जाहिरात. बॅटरी किती खाली गेली हे ज्या दोन सेकंदांत बघायचं, तेवढीच दोन सेकंदं पडदा कोरा. आजाऱ्याच्याच ताटात जेवणारा वैद्य म्हणा ना. गाडी ठणठणीत चालू असताना मात्र हाच पठ्ठ्या रंगीत काटे नाचवून दाखवतो. महागड्या स्कॅनरचं असं होत नसेलही, पण मग किंमतही हजारात राहत नाही. शिवाय व्होल्टेज पडलं की कधी कधी भलतेच कोड उमटतात. ते खरे मानून सेन्सर बदलणारे लोक मी पाहिलेत. गाडी दुसऱ्या दिवशी पुन्हा तशीच.

मल्टीमीटरची बॅटरी त्याच्या पोटात असते, गाडी मेली तरी तो जागा. सकाळी सेल्फ मारण्याआधी टर्मिनलवर लावा: १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ म्हणजे जेमतेम पाव. मग सेल्फ मारताना बघा. आकडा साडेनऊच्या खाली गेला तर बॅटरीवर संशय घ्या. उलट आकडा साडेबारावरच उभा आणि गाडी नुसती 'टक्' करतेय, तर बॅटरी बरी आहे, करंट स्टार्टरपर्यंत पोचत नाही. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर धरा. सेल्फ मारताना अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसलं तर अर्थिंग खराब. पावसाळाभर चोर्ला घाटातून ये-जा करणाऱ्या गाड्यांत हा गंजलेला बोल्ट हमखास सापडतो. १० नंबरचा पाना, थोडा पॉलिश पेपर, काम झालं. फक्त लाल वायर अँपिअरच्या भोकात ठेवून बॅटरीला टेकवू नका, फ्यूज तरी उडेल नाहीतर मीटर.

डिझेलवाल्यांना ग्लो प्लग (थंड इंजिन आतून तापवणारा) तुटलाय का हेही मीटर सांगतो. पेट्रोलवाल्यांत सध्या सगळं खापर ई२० वर, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर, फोडायची पद्धत आहे. २०२३ च्या फेब्रुवारीपासून ते पंपावर येऊ लागलं आणि त्यातलं काही इथेनॉल आपल्याच ऊसपट्ट्यातलं असणार, म्हणजे बोलणार तरी कुणाला! थंडीत इथेनॉलची वाफ सहज होत नाही हे खरं, पण १२ अंशाला त्यानं गाडी थोडी उशिरा पेटेल. सेल्फच फिरत नसेल तर त्यात इथेनॉलचा काही संबंध नाही.

तुमची गाडी नवी असेल, बॅटरी वर्षभरातली असेल आणि डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागत असेल, तर स्कॅनर आधी घेतलात तरी मी अडवणार नाही. बाकीच्यांनी मल्टीमीटर घ्यावा असं आपलं मला वाटतं. थोडे जास्त पडले तरी 'मिन-मॅक्स' बटणाचा बघा. सेल्फ मारताना सगळ्यात खाली गेलेला आकडा तो धरून ठेवतो, त्यामुळे किल्ली फिरवायला सकाळी सहाला घरातल्या कुणाला उठवावं लागत नाही.