जुन्या मुंबई बेटावरचे साहेब, व्यापारी आणि पाद्री : नौपाड्यातला चार रविवारांचा क्लास

नौपाड्यात गोखले रोडच्या आतल्या गल्लीत एका छोट्या हॉलमध्ये हा क्लास चालतो, चार रविवार, सकाळी दोन-दोन तास, विषय म्हणजे साधारण 1660 ते 1730 मधलं मुंबई बेट आणि तिथे राहिलेली माणसं. फी 1200, चहा धरून. ठाण्यात इतिहासावरचं इतकं चांगलं काही मी बऱ्याच वर्षांत ऐकलेलं नाही त्यामुळे सविस्तर लिहितेय.

शिकवणाऱ्या मॅडम लढाया आणि तह पटापट उरकतात आणि मग माणसांवर येतात, कोणाला पगार किती, कोण कशाने गेला, कोणाचं कोणाशी पटत नव्हतं. म्हणजे इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगालची राजकन्या यांच्या लग्नाच्या 1661 च्या करारात मुंबई इंग्रजांना आंदण मिळाली हे आपल्याला शाळेपासून पाठ आहे, पण ताबा घ्यायला आलेल्या अब्राहम शिपमनला पोर्तुगीजांनी बेट दिलंच नाही आणि तो शिपायांसकट कारवारजवळच्या अंजदीव या एवढ्याशा बेटावर अडकून पडला, तिथेच 1664 ला वारला, आणि बरोबरच्या शेकडो माणसांतली बहुतेक रोगराईने गेली, हे कोणी सांगतं का? उरलेल्यांना घेऊन त्याचा सेक्रेटरी हंफ्री कुक 18 फेब्रुवारी 1665 ला मुंबईचा ताबा घेतो आणि ताब्याचा कागद कुठे होतो तर दोना इनेस दि मिरांडा या विधवा बाईंच्या वाड्यात, कारण बेटाच्या मालकीणबाई त्या! मला हे अजिबात माहीत नव्हतं.

दुसरा रविवार ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरांवर. 1668 ला राजाने वर्षाला 10 पौंड भाड्याने अख्खं बेट कंपनीला दिलं, आणि त्याच काळात कंपनीत नवा लागलेला रायटर म्हणजे कारकून पोरगा, त्याचा वर्षाचा पगारही 10 पौंडच, तेही आधी जामीन देऊन आणि पाच वर्षांचा करार करून. हे दोन आकडे मॅडमनी एकाच स्लाइडवर ठेवले आणि हॉलमध्ये एकदम कुजबुज सुरू झाली. एवढ्या पगारात भागणार कसं, मग प्रत्येकजण स्वतःचा खासगी व्यापार करायचा, त्यासाठी इथल्या व्यापाऱ्यांचा पैसा आणि ओळखी लागायच्या, आणि घाई का तर जगण्याची खात्री नाही. ओव्हिंग्टन नावाचा पाद्री 1690 च्या आसपास इथे होता, त्याने लिहून ठेवलंय की मुंबईतल्या इंग्रजांत म्हणच पडली होती, दोन पावसाळे म्हणजे माणसाचं आयुष्य. त्याच्या जहाजातून आलेल्या 24 प्रवाशांपैकी 20 जण पावसाळा संपायच्या आत गेले. मला वाटतं त्यांची हाव समजून घ्यायची तर इथूनच सुरुवात करावी लागते, माफ करायची म्हणून नाही, समजून घ्यायची म्हणून. मुंबईतल्या कंपनीच्या फौजेचा कॅप्टन केग्विन, त्याचं कंपनीविरुद्धचं 1683 चं बंड पण मॅडमनी असंच, पगारकपातीच्या बाजूने सांगितलं.

पण खरा कळस म्हणजे रामा कामाती. त्यासाठी एक अख्खा रविवार दिलाय आणि तो चुकवू नका. शेणवी माणूस, मोठा व्यापारी, कंपनीच्या देशी शिपायांचा प्रमुख, 1715 ला वाळकेश्वराचं देऊळ पुन्हा बांधणारा, आणि 1718 च्या नाताळात पाद्री रिचर्ड कॉबने सेंट थॉमस चर्च उघडलं तेव्हा आपल्या ज्ञातीच्या लोकांना घेऊन तिथे हजर असलेला. आणि मग 1720 ला गव्हर्नर चार्ल्स बूनच्या कारकिर्दीत त्याच्यावर खटला, कान्होजी आंग्र्यांशी संधान बांधलं म्हणून. पुरावा म्हणून दाखवलेली पत्रं बनावट होती असं नंतर पुढे आलं, पण तोपर्यंत मालमत्ता जप्त झालेली आणि हा माणूस 1728 ला कैदेतच मेला. ज्या साहेबांबरोबर चर्चच्या उद्घाटनाला उभा होता त्यांनीच दोन वर्षांत त्याला आत टाकलं. शेजारी बसलेल्या आजोबांनी डोळे पुसले, मलाही पुढचा अर्धा तास दुसरं काही डोक्यात शिरेना.

आता जे खटकलं ते. नीमा पारख नावाच्या दीवच्या वाण्याने 1677 ला मुंबईत येण्याआधी कंपनीकडून धर्म पाळायची, प्रेतं दहन करायची मोकळीक लेखी मागून घेतली, आणि सुरतच्या भीमजी पारखने छापखाना हवा म्हणून कंपनीकडे आग्रह धरला तेव्हा 1674 ला हेन्री हिल्स हा मुद्रक आला पण त्याला आपल्या लिपीचे टाइप काही पाडता आले नाहीत. इतके भारी विषय दहा मिनिटांत संपवले, साहेबांना मात्र दीड रविवार. हे उलटं हवं होतं. पाद्र्यांमध्येही परळ-माहीमकडे जमिनी असलेले जेझुइट पंथाचे पाद्री आणि 1720 ला पोर्तुगीज पाद्र्यांना काढून कार्मेलाइट या दुसऱ्या कॅथलिक पंथाचे आणले तो सगळा वाद घाईत गेला. नकाशाच्या झेरॉक्स इतक्या बारीक की सिनियर मंडळींना काही दिसत नव्हतं, आणि मागच्या रांगेत माइक पोचत नाही, तेव्हा लवकर जाऊन पुढे बसा.

आणि क्लास ठाण्यात असून ठाणंच नाही! खाडीतून मुंबईला जाणाऱ्या मालावर पोर्तुगीज इथेच जकात घ्यायचे, त्यावरून गव्हर्नर ऑन्जियरची त्यांच्याशी सारखी भांडणं, आणि पोर्तुगीजांनी 1730 ला सुरू केलेला किल्ला, जो 1737 ला मराठ्यांनी घेतला, तो म्हणजे आजचं आपलं सेंट्रल जेल, हॉलपासून चालत जाण्याइतकं जवळ. मी मॅडमना तसं बोलले, त्यांनी लिहून घेतलं आणि पुढच्या बॅचला पाचवा रविवार ठाण्याच्या जकातीवर ठेवायचा विचार करते म्हणाल्या. तसं झालं तर मी तेवढ्यासाठी परत फी भरेन. नववी-दहावीची मुलं असतील तर त्यांनाही न्या, भाषा सोपी आहे. स्टेशनवरून चालत या, गाडी आणू नका, गल्लीत पार्किंग अजिबात नाही.