कोरफडीच्या क्रीमला मिथाइल पॅराबेन की फिनॉक्सीइथेनॉल?

खानापूर, बेळगावकडे घरी क्रीम करून विकणाऱ्या ताया परिरक्षक (क्रीम जिवाणू-बुरशीने खराब होऊ नये म्हणून घालायचं रसायन) निवडताना याच दोघांत अडकतात. ‘पॅराबेन-फ्री’ हा छापील शब्द आधी बाजूला ठेवा.

सुरक्षितता: पॅराबेन इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकासारखं वागतं हे खरं, पण फार क्षीणपणे; मिथाइलमध्ये तर सर्वांत कमी. युरोपात मिथाइलला ०.४ टक्के, फिनॉक्सीइथेनॉलला १ टक्का मर्यादा आहे. ॲलर्जी दोन्हींची क्वचितच. स्तनपान करणाऱ्या बाईच्या स्तनाग्रांवर लावायच्या क्रीममध्ये मात्र फिनॉक्सीइथेनॉल नकोच, ते बाळाच्या पोटात जातं.

बुरशी: खानापूरच्या पावसाळी दमटपणात हाच कळीचा मुद्दा. इथे पॅराबेन सरस. फिनॉक्सीइथेनॉल जिवाणूंवर बरं, बुरशीवर कमजोर.

वापर: पॅराबेनची पूड थंड पाण्यात नीट विरघळत नाही, खडे राहतात आणि क्रीम बिघडतं. १०० ग्रॅमला ०.२ ग्रॅम, ८० अंशांच्या पाण्यात आधी विरघळवा. पॉलिसॉर्बेट (तेल-पाणी एकजीव करणारा घटक) जास्त असेल तर पॅराबेनचा जोर घटतो. फिनॉक्सीइथेनॉल द्रव असतं, थंड क्रीममध्येही मिसळतं.

पावसाळाभर टिकवायच्या क्रीमला दोन्ही एकत्र घाला: पॅराबेन ०.२ आणि फिनॉक्सीइथेनॉल ०.८ टक्के. गरम न करता येणाऱ्या जेलला फिनॉक्सीइथेनॉल, पण बुरशी रोखायला जोडीला पोटॅशियम सॉर्बेट हे दुसरं परिरक्षक हवं आणि पीएच (आम्लतेचं माप) ५.५च्या आत.