मालवणी शिकणाऱ्यांचा समूह: चॅट ग्रुप की विकी?

गणपतीला गावी आल्यावर आजीचे सगळे बोलणे समजते, पण उत्तर मात्र मराठीतच देतात अशी मुंबईत वाढलेली मुले, देशावरून कुडाळ-सावंतवाडीकडे सून म्हणून आलेल्या मुली आणि बदलीवर आलेले कर्मचारी, अशांसाठी मालवणी शिकण्याचा ऑनलाइन समूह उभा करावा असे ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यापुढे मुख्यतः दोनच वाटा असतात: मोबाइलवरचा चॅट ग्रुप किंवा विकी, म्हणजे वाचणाऱ्यांनाच पाने लिहिता-बदलता येतात असे संकेतस्थळ. सामायिक फाइल हा तिसरा पर्याय सुचवला जातो खरा, पण धडे वाढले की ती इतकी लांबते की हवे ते सापडेपर्यंत शिकण्याची हौस ओसरते, म्हणून तिचा विचार मी सोडून देतो. उरलेले दोन्ही प्रकार मी चालवले आहेत.

चॅट ग्रुपच्या बाजूने बोलायचे तर माणसे तिथे आधीपासूनच असतात, आणि ही गोष्ट लहान नाही. वेंगुर्ल्याची एखादी आजी कळफलकावर अक्षरे शोधत बसणार नाही, पण आवाजातला निरोप ती सहज पाठवते. आणि मालवणीतले अनुनासिक उच्चार व वाक्याचा हेल कानावर पडल्याशिवाय येत नाहीत. रात्री कोणी 'माका होया' कसे वापरायचे असे विचारले की झोपण्यापूर्वी चार उत्तरे आलेली असतात, त्यांतली दोन थट्टेची. विकीवर हाच प्रश्न विचारणाऱ्याला कधीकधी दोन-दोन दिवस वाट पाहावी लागते. एखाद्या सुट्टीपुरता, ओळखीच्या माणसांचा गट असेल तर मी विकीच्या फंदात पडा असे म्हणणार नाही.

माझा कल बदलला तो एका त्रासामुळे, आणि तो वरवर पाहता क्षुल्लक आहे. चॅटमध्ये चूक जिथे आहे तिथे दुरुस्ती पोहोचत नाही. आमच्याकडे एका उत्साही सभासदाने 'जाणे' या क्रियापदाच्या रूपांचा सुबक तक्ता चित्र करून टाकला. त्यात 'तो गेलो' बरोबर होते, पण 'मी गेलंय' असे हवे तिथे मराठीच्या सवयीने 'मी गेलो' पडले होते. ते लगेच कोणीतरी दाखवून दिले, सगळ्यांनी मान्यही केले. पण तो मान्य झालेला निरोप खाली राहिला आणि तक्ता वर. ज्याने चित्र उतरवून घेतले त्याच्याकडे चूक राहिली, ज्याने पुढे पाठवले त्याने ती आणखी दहा जणांना दिली, आणि काही महिन्यांनी तोच तक्ता भलत्याच ग्रुपमधून फिरून आमच्याकडे परत आला. आपण बहुतेक जण वापरतो त्या ॲपमध्ये पाठवलेला मजकूर बदलण्याची सोय आहे, पण ती 15 मिनिटांपुरती आणि ज्याने पाठवला त्यालाच. भाषेतली चूक पाव तासात कळतेच असे नाही, आणि ती ज्याला कळते तो बहुधा दुसराच असतो.

वॉर्ड कनिंगहॅम यांनी 1995 साली पहिली विकी सुरू केली तेव्हापासून वाचणाऱ्यालाच जागच्या जागी दुरुस्ती करता यावी हे तिच्या मुळाशी आहे. क्रियापदाचा तक्ता साचा म्हणून, म्हणजे अनेक पानांत ओढून घेता येणारा एकच तुकडा म्हणून, ठेवला तर तो एकदा सुधारला की ज्या ज्या धड्यात वापरला आहे तिथे तिथे आपोआप सुधारतो. शिकणाऱ्याने काही बिघडवले तरी 'इतिहास' उघडून आधीची आवृत्ती परत आणता येते, त्यामुळे नवख्यालाही लिहू द्यायला भीती वाटत नाही. वाद 'चर्चा' पानावर होतो आणि धडा स्वच्छ राहतो. न लिहिलेल्या पानाचा दुवा लाल दिसतो, आणि माझ्या अनुभवात कोणालाही काम न सांगता ते करून घेण्याचा याहून चांगला उपाय सापडलेला नाही: रांपणीवरच्या, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढून होणाऱ्या मासेमारीवरच्या, धड्यात जाळ्याच्या भागांची नावे लाल दिसली की मालवणचा माणूस गप्प बसत नाही.

मालवण आणि वेंगुर्ले यांच्या बोलण्यात फरक निघाला की चॅटमध्ये ज्याचा आवाज मोठा त्याचे रूप खरे ठरते. विकीवर दोन्ही रूपे गावाच्या नावासह शेजारी ठेवता येतात. तेरेखोल खाडीपलीकडच्या, म्हणजे गोव्याकडच्या, मंडळींनी तर 2015 साली इन्क्युबेटरमधून (नव्या भाषांच्या विकींच्या चाचणीच्या जागेतून) बाहेर पडलेल्या कोंकणी विकिपीडियात देवनागरी, रोमी आणि कन्नड अशा तीन लिप्यांना जागा दिली आहे. त्यापुढे आपला दोन तालुक्यांचा मतभेद फार अवघड नसावा.

विकीचे दोषही आहेत. सुरुवातीला बहुतेक लोक फक्त वाचतात, आणि बदल तपासणारे दोघे-तिघे थकले की पाने शिळी होतात. म्हणून चॅट ग्रुप बंद करू नये. तिथे प्रश्न विचारावेत, उत्तर पक्के झाले की ते विकीवर न्यावे आणि पुढच्या वेळी फक्त दुवा द्यावा. जुलैत नेटवर्क रडतखडत चालते तेव्हाही मजकुराचे पान बहुधा उघडते, हे मी सोयीचे मानतो.

आता विकी कोणती? विकिपीडियाला प्रकाशित संदर्भ लागतात आणि विक्शनरी हा शब्दकोश आहे, त्यामुळे आजीने सांगितलेले संवाद दोन्हीकडे नीट बसत नाहीत. स्वतःचीच उभारलेली बरी, आणि त्यासाठी मीडियाविकी व डोकुविकी ही दोन सॉफ्टवेअर आहेत. मीडियाविकीत साचे उत्तम चालतात आणि तिचा इंटरफेस मराठीत आहे, पण डेटाबेस सांभाळावा लागतो. डोकुविकी साध्या मजकुराच्या फायलींवर चालते, म्हणून तिची प्रत काढणे म्हणजे फोल्डर उचलून दुसरीकडे ठेवणे एवढेच. सांभाळायला तांत्रिक माणूस नसेल तर डोकुविकी घ्यावी, असेल तर माझे मत मीडियाविकीला. दोन्हीकडे नोंदणी मंजुरीनंतरच द्यावी, नाहीतर जाहिराती आपोआप टाकणारे बॉट आधी येतात आणि शिकणारे नंतर. आवाजाच्या फायली वाक्यागणिक एक अशा चढवाव्यात, कारण लांब ध्वनिमुद्रणातले एकच वाक्य बदलायचे झाले तर आजीला सगळे पुन्हा बोलायला लावावे लागते.